खरखरीत जीभ

पाटे-वरवंटे बोलायचे, त्या काळातली गोष्ट. भागीरथीकाकूंच्या तोंडातले दात जिभेला चिडवायचे, "आम्ही बघ कसे गुळगुळीत! तू मेली छिन्नीनं टाकी लावलेल्या पाट्यासारखी खरखरीत." जीभ बिचारी खाली मान घालायची.

एकदा काकू गावजेवणाचं पुरण वाटत होत्या. कणी राहिली तर पोळी फाटणार, आणि चाळीस वर्षं कमावलेलं नाव जाणार, बरं का. त्यांनी चिमूटभर पुरण तोंडात टाकलं. दात म्हणाले, "झालं! अगदी लोणी." जिभेनं मात्र ते टाळूवर हळूच घासलं, लाळेत भिजवून पुन्हा घासलं.

"थांबा काकू, डाळीची कणी आहे अजून."

"अगं, दातांना कशी नाही लागली?"

"ते पडले गुळगुळीत. त्यांच्यावरून ती घसरते. माझ्या खरखरीला अडते."

काकूंनी पुरण पुन्हा पाट्यावर घेतलं, चांगलं रगडलं. त्या दिवशी एकही पोळी फाटली नाही.

पाट्यानं सगळं ऐकलं होतं. अंगावरचे टाकीचे घाव मिरवत तो म्हणाला, "जीभबाई, मान वर करा. तुम्ही तर आमच्याच घरातल्या!"