सर्वांत उंच इमारतीचं राज्य

“सही करू की नको, बुवा? एवढंच सांगा.”

हेरंब टिपणीस अमेरिकेहून आले ते विमानतळावरून थेट मठातच. घरी बॅग टाकायलाही थांबले नाहीत.

आत्मारामबुवा ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. आधी बस, म्हणाले, आणि काय झालं ते नीट सांग.

टिपणिसांनी सांगितलं. तळ्याकाठच्या एका अमेरिकन शहरात त्यांनी एक टोलेजंग इमारत उभी केली होती. शहराचं नाव मी सांगत नाही. उंचीच्या बाबतीत तिथले लोक भलतेच हळवे आहेत. ती शहरातली सर्वांत उंच इमारत. माणूस हुशार, सचोटीचा. गर्व मात्र त्या इमारतीपेक्षाही दोन मजले वर.

आता नदीपलीकडे दुसऱ्या एका इंजिनिअरची इमारत तिच्याहून उंच होऊ लागली होती. मालकाने टिपणिसांना फर्मावलं, आपल्या माथ्यावर पोलादी सुळका चढवा, पहिला नंबर जाता कामा नये. सुळका आतून पोकळ. त्यात कोणी राहणार नाही की काम करणार नाही, नुसती उंची वाढणार.

तिथल्या वादळी वाऱ्यात तो टिकेल का, याचं गणित टिपणिसांनी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. दर वेळी उत्तर तेच.

बहुतेक टिकेल.

‘बहुतेक’वर त्यांनी जन्मात सही केली नव्हती. आणि खाली माणसांनी भरलेला रस्ता होता.

“मग नको करूस,” बुवा म्हणाले.

“नाही केली तर माझं राज्य जाईल.”

“कसलं राज्य?”

“त्या शहरात उंचीत माझं राज्य आहे, बुवा. इतकी वर्षं आहे. ते गेलं तर मी… मी कोण उरलो?”

असा ताठ माणूस रडवेला झाला की बघवत नाही.

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

मग उठले. धोतर झटकलं, टिपणिसांच्या पाठीत एक थाप घातली.

“शिवलं. तुझ्यावर राज्य.”

आणि सत्तरी ओलांडलेले बुवा धोतराचा सोगा हातात धरून अंगणात पळाले.

टिपणीस बघतच राहिले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, कोट काढून ओसरीवर फेकला आणि तेही मागे धावले. चिंचेच्या झाडाभोवती दोन म्हाताऱ्यांची शिवाशिवी रंगली. बुवांनी हुलकावण्या देऊन त्यांना चांगलंच दमवलं. शेवटी एकदाचं उपरण्याचं टोक टिपणिसांच्या हाती लागलं.

“शिवलं, बुवा. सुटलो बाबा… आता तुमच्यावर राज्य.”

म्हणाले, आणि जागच्या जागी थबकले.



मग ते चिंचेखाली मातीत बसले आणि हसू लागले. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले. किती दिवसांनी त्यांना इतकं हलकं वाटलं होतं. तिथूनच त्यांनी मालकाला फोन लावला आणि सुळक्यावर आपली सही होणार नाही, सुळका चढवायचाही नाही, असं सांगून टाकलं. मालक बराच वेळ ओरडत होता. टिपणिसांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन खिशात ठेवला.

निघताना त्यांनी वाकून नमस्कार केला.

“आता पहिला नंबर त्या पलीकडच्या इंजिनिअरचा. त्याचं अभिनंदन करावं म्हणतो.”

“अभिनंदन कसलं करतोस?” बुवा म्हणाले. “राज्य आलंय बिचाऱ्यावर.”