नोटिशीवरचं नाव

इंग्रजीची तपासणी करायला शिक्षणाधिकारी टेंगसे साहेब वर्गात शिरले आणि धायगुडे बाईंनी लगबगीनं हजेरीपट पुढे केला. त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती.

"ब्लॅकबोर्ड!" साहेब गरजले. "शब्दाचे तुकडे पाडा, टाळ्या वाजवा. जोर असेल तिथे टाळी मोठी!"

मुलांनी 'ब्लॅक'वर हलकी टाळी दिली आणि 'बोर्ड'वर दणदणीत. 'टूथब्रश', 'फुटबॉल' यांचीही तीच गत.

"सगळं उलटं! जोर पहिल्या तुकड्यावर हवा. बाई, हे शिकवलं कुणी? या कागदावर त्याचं नाव लिहा, आजच नोटीस काढतो."

बाईंनी पेन उचललं, पण लिहवेना. मग त्या उठल्या आणि कपाटातला स्पीकर टेबलावर ठेवला.

"साहेब, आपल्या आदेशाप्रमाणे रोज परिपाठाला ही ध्वनिफीत लावतो. मुलं हिच्यावरूनच शिकली."

त्यांनी बटण दाबलं. "ब्लॅक-बोऽऽर्ड!" आवाज खुद्द टेंगसे साहेबांचा होता. सवयीनं मुलांची शेवटची टाळी दणक्यात पडली.

बाईंनी कोरा कागद अदबीनं पुढे केला.

"हे नाव लिहायची माझी छाती होत नाही, साहेब. तेवढं आपणच लिहा."