मागच्या सीटवरचे टायर

एका गावात एक सर्जेराव पिसाळ होता. गावात बाकीचीही माणसं होती, पण त्यांना काही झालं नाही.

सर्जेराव वडाप चालवायचा. म्हणजे नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा माणसं बसवून तालुक्याला न्यायचा. माणूस प्रेमळ. घाटात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याला एकच खोड होती. नवी वस्तू आली की तो ती जपायचा.

जपायचा म्हणजे वापरायचाच नाही. जीपच्या सीटवरचं प्लॅस्टिक बावीस वर्षं तसंच होतं. उन्हाळ्यात प्रवासी त्याला चिकटायचे आणि उतरताना सोलून निघायचे. पावसात तो नवी छत्री शर्टाच्या आत घालून घरी यायचा, छत्री भिजू नये म्हणून. म्हाताऱ्या वडिलांना त्यानं कवळी करून आणली आणि सांगितलं, ही फक्त लग्नकार्यात घालायची. पुढची दोन वर्षं भावकीत एकही लग्न निघालं नाही. वडील गेले तेव्हा कवळी नवीकोरी होती.

"वस्तू टिकली," सर्जेराव म्हणाला.

त्याच्या बायकोनं, सुभद्रानं, कवळी डबीत घातली. पण तिनं ते लक्षात ठेवलं.

त्यांची मुलगी राजश्री आणि जावई संग्राम परदेशात राहायचे. देश इतका थंड की तिकडं फ्रीजमध्ये दूध गरम राहावं म्हणून ठेवतात, असं सर्जेराव गावात सांगायचा. राजश्रीला सातवा महिना लागला आणि आईबाप तिकडं गेले. सुभद्रानं डिंकाचे लाडू नेले. शिवाय बाळासाठी स्वतः शिवलेली गोधडी नेली, जुन्या लुगड्यांची, मऊ.

जावयानं घरातली जुनी लहान गाडी सासऱ्याला वापरायला दिली. परवाना सर्जेरावनं येतानाच काढला होता. तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात. त्याला काही अडचण आली नाही. वडापमध्ये तो सगळ्याच बाजूंनी चालवायचा.

एक दिवस संग्रामनं चार नवे हिवाळी टायर आणले, रिमसकट.

"मामा, डोंगराच्या पायथ्याशी बर्टिलचं दुकान आहे. तिथं हे लावून घ्या. बर्फ पडायच्या आत."

"गाडीला टायर हायती की."

"ते उन्हाळी आहेत, मामा."

"आवं जावईबापू, टायरला कसला उन्हाळा आन् कसला हिवाळा? मी तीस वर्षं घाट चालवलाय."

"तुमच्या घाटात बर्फ पडतो का?"

सर्जेरावनं आठवून पाहिलं. पडत नव्हता. तो टायर घेऊन निघाला.

बर्टिल म्हातारा होता. तो आपल्या भाषेत मोबाईलमध्ये बोलायचा आणि मोबाईल बाईच्या आवाजात ते मराठीत सांगायचा. "महोदय, सात डिग्रीच्या खाली साध्या टायरचे रबर कडक होते. शिळ्या पावासारखे. हिवाळी टायर मऊ राहतो आणि त्याच्या खाचा बर्फ धरतात. येथे तो लावावाच लागतो. कायदा आहे."

सर्जेरावला हे पटलं. शिळी भाकरी त्यानं पाहिली होती. पण बर्टिल पहिला टायर उचलायला आला तेव्हा सर्जेरावनं त्यावरून सहज हात फिरवला. नव्या टायरला बारीक रबरी केस असतात. ते बोटांना लागले आणि त्यानं टायर स्वतःकडं ओढून घेतला.

"आन् रस्त्याच्या कडंला त्यो पांढरा ढीग कसला?"

"मीठ, महोदय. बर्फ पडला की रस्त्यावर टाकतात, तो वितळावा म्हणून."

मीठ, चिखल आणि हे कोवळे टायर! सर्जेरावनं चारही टायर परत गाडीत भरले. एक डिकीत, तीन मागच्या सीटवर. "बर्फ पडला की लावू," तो म्हणाला.

"आपण परत याल," मोबाईल इतक्या गोड आवाजात बोलला की सर्जेरावला तो आशीर्वाद वाटला.

गाडी सुरू केली तर आत टुंग टुंग वाजायला लागलं. मागं बसलेल्यांनी पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं. सर्जेरावनं उतरून तिन्ही टायरना सीटबेल्ट लावले. मग गाडी गप्प बसली. कुणाला दिसू नयेत म्हणून घरी आल्यावर त्यानं गुपचूप बाळाची गोधडी आणून त्यांच्यावर घातली.

"मामा, झालं का टायरचं?" संग्रामनं विचारलं.

"झालं."

एवढा एकच शब्द. पण तिथून सर्जेरावची झोप उडाली.

स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेरून एक थर्मामीटर लावलेलं होतं. तो रोज सकाळी उठून आधी त्यात बघायचा. नऊ. मग सहा. मग दोन. मग आकड्याच्या आधी एक आडवी रेघ आली. त्या रेघेनं त्याला धडकी भरली. मग बर्फ पडला. आता टायर लावायलाच हवे होते. पण बर्फ इतका होता की नवे टायर त्यात घालवेनात. आणि आता लावायला गेलो तर आधी लावले नव्हते हे जावयाला कळणार. "गुडघा धरलाय," असं सांगून त्यानं गाडी काढायचं बंद केलं. तो दोन्ही गुडघ्यांनी आलटून पालटून लंगडायचा.

सुभद्रानं विचारलं, "आवं, बाळाची गोधडी कुटं दिसंना?"

"गाडीत ठेवलीय. ऐन टायमाला इसरायला नगं."

सुभद्राला नवऱ्याचं कौतुक वाटलं. त्याला ते सहन झालं नाही. तो लंगडत बाहेर गेला.

मग एका दुपारी सव्वा वाजता फोन वाजला. राजश्री सकाळी नवऱ्याबरोबर तपासणीला गेली होती. दवाखाना डोंगरापलीकडं, तीस किलोमीटरवर.

"मामा," संग्राम म्हणाला. "तिला ठेवून घेतलंय. बाळाचे ठोके कमी होतायत. तीन वाजता ऑपरेशन आहे. ती सारखी आईला बोलावतेय. बस चारला आहे, टॅक्सी मिळत नाही. तुम्ही आईंना घेऊन या. टायर लावलेत म्हणून सांगतोय, नाहीतर या बर्फात मी तुम्हाला निघा म्हटलं नसतं. लावलेत ना?"

खरं बोलायला ही शेवटची सोपी जागा होती. शेजारी सुभद्रा चप्पल की बूट हे न कळून एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून उभी होती.

"व्हय," सर्जेराव म्हणाला.

दोघं निघाली. पायथ्यापर्यंत रस्ता सपाट होता. सर्जेराव बैलगाडीच्या वेगानं चालला होता. बर्टिलचं दुकान दिसलं. त्याचा पाय ब्रेककडं गेला. पण थांबलो तर सुभद्राला कळणार. त्यानं पाय परत ॲक्सिलरेटरवर ठेवला आणि गाडी चढाला घातली.

"माझं हात गार पडल्यात," सुभद्रा म्हणाली. "ती गोधडी घ्यावी जरा मांडीवर."

"नगं! आत्ता नगं!"

पण ती वळली होती. तिनं गोधडी ओढली. मागं तीन टायर बसले होते. पट्टे लावून, शाळेला निघालेल्या पोरांसारखे.

"ह्ये काय?"

"टायर."

"कसलं टायर?"

"बर्फातलं."

"मग बर्फात का न्हाईत?"

"खराब झालं असतं."

सुभद्रा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "माझी पोरगी तिकडं एकली टेबलावर जायाची. मी काय तिच्यापतुर पोचत न्हाय. पर टायर मातुर नवं ऱ्हाणार. मामंजींच्या कवळीगत."

तेवढ्यात गाडी चढता चढता थांबली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मग गाडी मागं यायला लागली. सर्जेरावनं ब्रेक दाबला. चाकं थांबली. गाडी थांबली नाही.

गाडी मागं निघाली. फार जोरात नाही. एखादा माणूस लग्नातून न जेवता परत निघावा तशी, सावकाश, मान फिरवून. एका बाजूला दरी होती. रस्त्याच्या कडेनं एक आजी काठी टेकत चढत होती. ती तरातरा पुढं गेली. जाताना तिनं हात केला. काय करावं न सुचून सर्जेरावनंही केला.

"सुभद्रे," तो डोळे मिटून म्हणाला, "मी खोटं बोललो. जावयाबरूबर, तुझ्याबरूबर. तीन आठवडं."

"डोळं उघडा! डोळं उघडून बोला!"

त्यानं उघडले. त्याचा काही उपयोग नव्हता. गाडी स्वतःच्या मतानं चालली होती. सगळा चढ ती उलटी उतरली, पायथ्याला एक गिरकी घेतली आणि मागच्या बाजूनं एका उघड्या दारातून सरळ आत शिरली. आतल्या भिंतीला जुन्या टायरांची उतरंड रचून ठेवली होती. धप्प झालं आणि गाडी थांबली.

बर्टिल जेवत होता. त्यानं घास गिळला, तोंड पुसलं आणि मोबाईल उचलला.

"या मोसमातले आपण अकरावे," मोबाईल म्हणाला. बर्टिलनं धंद्याची जागा उगीच तिथं घेतली नव्हती.

सर्जेराव उतरला. लंगडायचं तो विसरला. त्यानं मागचं दार उघडलं. पहिल्या टायरचा पट्टा सोडला. टायरवर कंपनीचं चकचकीत स्टिकर होतं, एक कोपराही न उचकटलेलं. त्यानं ते नखांनी ओरबाडून काढलं. दुसऱ्याचं काढलं. तिसऱ्याचं काढताना त्याच्या अंगठ्यातून रक्त आलं. बर्टिलनं डिकीतून चौथा काढला आणि जॅक लावला. सुभद्रा घड्याळाकडं बघत एकेक नट हातात देत होती.

दोन वाजून पाच मिनिटांनी गाडी पुन्हा चढाला लागली. मघाच्याच जागी, मघाच्याच बर्फावर, चाकांनी रस्ता धरला. सर्जेरावला वाटलं, कुणीतरी खालून हात दिलाय. वर चढताना ती आजी परत दिसली. तिनं परत हात केला.

तीनला दहा कमी असताना ती दवाखान्यात पोचली. राजश्रीला आत न्यायला खाट ढकलत आणली होती. सुभद्रानं तिचा हात धरला. एका पायात बूट, एका पायात चप्पल, अशी ती खाटेबरोबर दारापर्यंत चालत गेली.

"आई, भीती वाटतीय गं."

"मी हाय. हितंच हाय."

दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर सर्जेराव जावयाशेजारी बसला. मुलगी आत असताना खोटं पोटात ठेवून बसणं त्याला जमेना. तो म्हणाला, "टायर आज लावलं. तासाभरापूर्वी. अर्ध्या चढावरनं घसरून माघारी आलो, मग लावलं."

संग्रामनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

"मामा," तो म्हणाला, "आईंना गाडीत बसवून?"

सर्जेरावनं खिशातून गाडीची किल्ली काढून जावयाच्या हातात दिली.

साडेतीनला मुलगी झाली. अशक्त होती, पण रडली अशी की बाकावरचे दोघे एकदम उठून उभे राहिले. सुभद्रानं गाडीतून आणलेली गोधडी झटकली. कापडावर टायरच्या नक्षीचा काळा ठसा उमटला होता. धुऊन तो कधीच गेला नाही. त्या पोरीला आजही त्याच गोधडीत झोप येते.

गावी परत आल्यावर सर्जेरावनं पहिलं काम केलं ते जीपच्या सीटवरचं प्लॅस्टिक फाडायचं. खाली सीट नव्हती. बावीस वर्षांत उंदरांनी ती आतून खाऊन संपवली होती. इतकी वर्षं सतरा माणसं नुसत्या प्लॅस्टिकवर बसून तालुक्याला जात होती.

त्या दिवसापासून तो घरात आलेली प्रत्येक वस्तू त्याच दिवशी वापरायला काढतो. जुन्यासुद्धा काढल्या. वडिलांची कवळी तो स्वतः घालतो. बसत नाही, पण घालतो.

तात्पर्य: वाईट वेळेसाठी ठेवलेली वस्तू वाईट वेळ आली की वापरायची असते, तिलाच वाईट वेळेपासून जपत बसलं की आपली माणसं उघड्यावर पडतात.