भाजून पाठवलेली ज्वारी

फार फार वर्षांपूर्वी एक मुलगी दूरच्या डोंगरावर सात वर्षं शिकून आपल्या राज्यात परतली. तिला वाटलं होतं, राजा उत्सुकतेनं विचारेल, "काय शिकलीस? डोंगरावर आणखी काय पाठवू?" प्रत्यक्षात तिला राजवाड्याच्या अंगणात चुली पेटलेल्या दिसल्या. मोठाल्या कढयांमध्ये ज्वारीचं बियाणं, रंग बदलणार नाही इतपत मंद आचेवर, भाजलं जात होतं. शेजारी डोंगराकडे निघणारी पोती राजाचा शिक्का मारून ठेवली होती.

त्या डोंगरावर पाच राज्यांचं सामाईक शेत होतं. प्रत्येक राज्यानं दरवर्षी आपलं बियाणं द्यायचं. तिथली माणसं त्यातून रोगाला न बधणारं वाण तयार करत आणि सगळ्यांना वाटत.

मुलगी कढयांकडे बघतच राहिली. सात वर्षं तिनं आपल्या राज्याची ज्वारी तिथे पेरली होती आणि एकदाही कोंब आला नव्हता. पाणी जास्त झालं असेल, आपलाच हात वाईट असेल, असं म्हणून ती कितीदा रडली होती.

"मावशी, बियाणं भाजता कशाला?" तिनं कढईवरच्या बाईला विचारलं.

"प्रधानजींचा हुकूम. तिकडच्यांना म्हणे कच्ची पचत नाही."

ती तडक दरबारात गेली. "प्रधानजी, भाजलेलं बी उगवेल कसं?"

"उगवू नये म्हणून तर भाजतो," प्रधान म्हणाला. "कमी पावसात तगणारी ज्वारी फक्त आपल्याकडे आहे. ती फुकट वाटायची? दहा पोती जातात, राज्याचं नाव होतं. झालं."

"पण शेजारच्या राज्यात काणी पडलीय. कणसात दाण्यांऐवजी काळी भुकटी भरते. तिला न बधणारं वाण पाचही राज्यांचं बी एकत्र आल्याशिवाय होणार नाही, त्यात आपली ज्वारी हवीच."

"त्यांची काणी त्यांना लखलाभ. आपल्या वेशीवर पहारा आहे."

"वाऱ्याला कुठला पहारेकरी अडवणार?"

राजा हसला. "शिकून आल्या की पोरी अशाच बोलतात. पुढच्या वर्षी बघू."

ती रोज दरबारात गेली. रोज तेच उत्तर मिळालं. महिनाभरात वारा फिरला आणि राज्यातली उभी कणसं काळी पडली.

राजानं घाईनं डोंगराकडे घोडेस्वार पिटाळला. तो निरोप घेऊन आला, "तुमची सत्तर पोती आम्ही पेरली. एकही दाणा उगवला नाही. जिवंत बी असेल, तर अजूनही पाठवा."

"आज पाठवलं तर वाण कधी मिळेल?" राजानं मुलीला विचारलं.

"तीन वर्षांनी."

"तोवर प्रजेनं खायचं काय?"

"यंदाची दहा पोती आहेत ना, भाजून तयार," ती म्हणाली.

मग प्रधान म्हणाला, "पुढं काय करायचं, त्यासाठी एक समिती नेमू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दरबारात गेली नाही. आता कुणाच्या हुकमाची वाट बघायची नाही, असं तिनं ठरवलं. घरोघरी फिरून गाडग्या-मडक्यांतलं मूठ मूठ कच्चं बी तिनं गोळा केलं आणि गाठोडं डोक्यावर घेऊन डोंगराची वाट धरली.

तात्पर्य: सर्वांच्या कामात जो हातचं राखून देतो, तो शेवटी स्वतःलाच उपाशी ठेवतो.