दुपारचा भोंगा

“मग काय बाबा, खाण बंद करून टाकू?”

खिरटकर साहेबांचा आवाज चढला होता. कोळसा कंपनीत शाश्वत विकासाचं खातं त्यांच्याकडे. दर गुरुवारी दर्ग्यावर यायचे, लतीफबाबांच्या पायाशी बसायचे, स्वतःला त्यांचा शागीर्द म्हणवायचे.



बोलली ती गावातली रोशनी. कडुनिंबाखाली पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर आठ महिन्यांची. रात्रभर तापानं फणफणली होती, आत्ता कुठं तिचा डोळा लागला होता.

“बंद कोण म्हणते, साहेब? दुपारचा सुरुंग तेवढा गावाजवळ लावू नका. पोट्टी तापानं फणफणून राहिली, धडाका झाला की तिचे डोळे फिरतात, श्वास अडकतो. एखाद्या दिवशी सुटलाच नाही तर?”

“आवाज नियमात बसतो. मोजलाय आम्ही.”

“कुठं मोजला? तुमच्या हापिसात?”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“बाबा, विकास म्हणजे तोल सांभाळणं. कोळसाही निघाला पाहिजे, गावही जगलं पाहिजे. झाडं लावली. दवाखान्याची गाडी सुरू केली.”

“आली होती गाडी,” रोशनी म्हणाली. “फोटो काढून गेली.”

साहेबांनी पिशवीतून जाडजूड, गुळगुळीत अहवाल काढला.

“हे आमचं वर्षाचं काम. वर पाठवायचं आहे. तुमचा हात लागू द्या.”

बाबांनी अहवाल घेतला आणि त्यानं पोरीवरच्या माश्या वारू लागले.

“कागद चांगला आहे. वारा येतो.”

“थट्टा करता, बाबा.”

“शिकायला येतोस ना? मांडी घाल.”

साहेबांनी इस्त्रीची पँट सांभाळत मांडी घातली. बाबांनी पोर अलगद उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

“बाबा!” रोशनी अर्धी उठली.

“बस, माय.”

पोरीनं झोपेतच साहेबांचं बोट धरलं.

“अहो, हिचं अंग तर भाजतंय!”

“मघापासून काय सांगून राहिली मी?”

तेवढ्यात खाणीकडून भोंगा वाजला. सुरुंग उडण्याआधी वाजतो तो. पोरीचं अंग शहारलं.

“बाबा, घ्या हिला.”

बाबा वारा घालत होते.

रोशनी झेपावली. बाबांनी काठी आडवी धरली.

“बाबा, आता उडेल हो!” ती ओरडली.

बाबा वारा घालत होते...

साहेबांनी पोरीला छातीशी धरलं, तिच्या कानावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं फोन काढला.

“थांबवा! ...कारण काय विचारता? मी सांगतोय म्हणून थांबवा!”

मग काहीच वाजलं नाही...

कडुनिंबावर एक कावळा ओरडला. पोर झोपलेलीच होती.

साहेबांनी कपाळ पुसलं. रोशनीकडे पाहिलं, पहिल्यांदाच.

“झालं ना आता? थांबवला. घ्या तुमची मुलगी.”

रोशनीनं हात पुढे केले नाहीत.

“राहू द्या. बरी झोपली आहे.”

“अहो, मला काम आहे!”

“मला पण होतं. रोजच असते.”

“बाबा, तुम्ही तरी सांगा हिला.”

बाबांनी अहवाल खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठले, चपला पायांत सरकवल्या आणि गावाकडे चालू लागले.

“बाबा, कुठं निघालात?”

“बाकीची लेकरं आणायला.”