गुरव्वाची हाक

फार वर्षांपूर्वी वारणेकाठच्या आमच्या धोंडखोरीत सुगी संपली की हेळवी यायचे. हेळवी म्हणजे बैलावर बसून गावोगाव फिरणारे, घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ सांगणारे लोक. आडनाव कुठून आलं, मूळ गाव कुठलं, पणजोबाचा बाप कोण, सगळं सांगायचे आणि सूपभर जोंधळा घेऊन जायचे. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला मुलगा नव्हता. त्यानं आपली विद्या लेकीला दिली. तिचं नाव गुरव्वा. बाई बैलावर बसते म्हणून गाव आधी फिदीफिदी हसलं. मग तिचा आवाज ऐकला आणि गप बसलं. तो आवाज नदीपल्याड जायचा, असं म्हणतात.

पण पिढ्या म्हणजे काय हो? नुसते बाप्ये. रामजीचा खंडूजी, खंडूजीचा सुभानजी. जसे काही बाप्येच बाळंत होत होते. बायकांची नावं पाठ ठेवायची, पण तोंडातून काढायची नाहीत, असं बापानं गुरव्वाला शिकवलेलं. तीही मुकाट तसंच करायची. मला संताप येतो तो याचाच.

एका साली रंगराव शेवाळ्याचा धाकटा भाऊ वारला. मागे राहिली बायको चंद्रा आणि एक तान्ही पोर. रंगरावाचा डोळा भावाच्या शेतावर. मुलगा नाही म्हणून शाखा खुंटली, असं हेळव्यानं चारचौघांत सांगितलं की विधवेनं घरातून चालतं व्हायचं, अशी तेव्हाची रीत. रीत कसली, दिवसाढवळ्या दरोडा. रंगरावानं पंच पारावर बसवले आणि गुरव्वाला बोलावलं.

गुरव्वा पिढ्या सांगत सांगत चंद्राच्या नवऱ्यापाशी आली आणि म्हणाली, "इथं शाखा खुंटली." तशी चंद्रा पोरीला काखेत घेऊन उठली आणि बैलापुढे उभी राहिली.

"गुरव्वाक्का, तुझ्या बापाला तरी कुठं मुलगा होता? मग तू कोण गं?"

गुरव्वाच्या अंगाची लाही लाही झाली. चंद्राचा नव्हे, तिला स्वतःचाच राग आला. तिनं शेवाळ्यांच्या पिढ्या पहिल्यापासून पुन्हा धरल्या, या खेपेला बायकांची नावं घेत, माहेरच्या आडनावांसकट. चौथ्या पिढीला येऊन थांबली.

"रंगराव, इथं शेवाळ्यांना मुलगा नव्हता. लेक होती, ठकूबाई. तिला घरजावई आणला आणि त्याला तुमचं आडनाव लावलं. लेकीवर शाखा खुंटत असेल तर तुझीही तिथंच खुंटली. आधी तू घर सोड."

रंगराव हसला. "मेलेली बाई साक्षीला येणार आहे होय?"

गुरव्वानं त्याच्या घराकडे तोंड करून ठकूबाईला हाक मारली. आणि शेवाळ्यांच्या उंबऱ्याखालून ओ आली, असं म्हणतात. मग ती थांबेचना. साऱ्या गावाच्या आज्या-पणज्यांना नावानिशी हाका मारत सुटली, आणि घराघराच्या उंबऱ्याखालून ओ येत गेली. पंचांची तोंडं काळी ठिक्कर पडली. चंद्राचं घरही राहिलं, शेतही राहिलं. गुरव्वाचा आवाज मात्र त्या दिवशी बसला तो कायमचा.

आजही आमच्यात नवी सून माप ओलांडण्याआधी बाहेर उभी राहून आपलं नाव, माहेरचं आडनाव, आईचं आणि आजीचं नाव मोठ्यानं सांगते. घरातल्या थोरल्या बाप्यानं आतून ओ द्यायची, मगच ती आत येते. यालाच गुरव्वाची हाक म्हणतात. परवा एक सासरा म्हणाला, "पुरे झाली ही थेरं, ये आत." सून वळली आणि सरळ गाडीत जाऊन बसली. सासरा भर उन्हात अनवाणी, ओ देत देत गाडीमागं धावला. धावू दे मेल्याला.