विशेषणांना मनाई

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी, लहानशा गावात, व्याकरणाचे एक वृद्ध शिक्षक राहत असत. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला होता, तरी लोक आपली अडचण घेऊन त्यांच्याकडे येत, आणि ते अडचण सोडवण्याआधी माणसाचे वाक्य दुरुस्त करत. ज्ञानी म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांना स्वतःला मात्र त्या ख्यातीची धास्ती वाटे. आपण सल्ला दिला आणि तो चुकला तर, ही शंका त्यांना म्हातारपणीही सोडून गेली नव्हती.

वैशाखातल्या एका सकाळी त्यांची जुनी विद्यार्थिनी शलाका त्यांच्याकडे आली. डोंगरावरच्या वस्त्यांतले झरे मोजण्याचे काम तिने पत्करले होते. झऱ्याखाली भांडे धरायचे, ते भरायला किती वेळ लागतो ते पाहायचे, ते माप लॅपटॉपवरच्या नकाशात घालायचे आणि संध्याकाळी तो नकाशा त्याच वस्तीतल्या लोकांना दाखवायचा. ज्यांचे पाणी त्यांनी नकाशा पाहिल्याशिवाय पाणी जिरवायचा एकही चर खणू द्यायचा नाही, असा तिचा नेम होता. मोजणी वैशाखातच व्हायला हवी होती. पाऊस लागला की डोंगराचा प्रत्येक दगड झरा होतो. मग बारमाही कोणता आणि चार दिवसांचा कोणता, हे देवालाही सांगता येत नाही.

वैशाख सरत आला होता आणि शलाका अजून पायथ्याशीच होती. कारण तिचा लॅपटॉप ठरत नव्हता.

"सर, वेड लागायची पाळी आलीय," ती म्हणाली. "एक शक्तिमान आहे, पण जड आहे. एक हलका आहे, पण महाग आहे. एक स्वस्त आहे, पण संथ आहे. रोज ठरवते आणि रोज मोडते."

वृद्ध गुरूंनी चष्मा काढून पुसला. "तुझ्या बोलण्यात सहा विशेषणं आली. क्रियापद कुठंय?"

"'आहे' आहे ना, सर."

"'आहे' हे आळशी क्रियापद. ते काही करत नाही, नुसतं बसून असतं. तुझ्यासारखं."

शलाकाला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही. "यंदाचा वैशाख गेला तर वर्ष जाईल, सर. चर भलत्याच जागी खणले जातील. आणि खालच्या वस्तीचा झरा पुढच्या वर्षी मोजायला उरेल की नाही, कोण जाणे."

खरे तर लॅपटॉपविषयी गुरूंना काडीचेही ज्ञान नव्हते, आणि हे त्यांना पुरते ठाऊक होते. मग ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चल दुकानात. तुझा नकाशा बरोबर घे. डोंगरावर न्यायची सॅकही घे, भरून घे. एकच अट. आज लॅपटॉपविषयी विशेषण वापरायला मनाई. ज्याच्याविषयी विशेषण उच्चारलं जाईल, तो लॅपटॉप परत कपाटात."

"'हा लॅपटॉप' म्हटलं तर 'हा' सार्वनामिक विशेषण होतं ना?"

"त्याला सूट. बोट दाखवायला काहीतरी लागतं."

बाजारपेठेतल्या त्या दुकानाचा मालकही गुरूंच्याच हाताखालून गेलेला. त्याने लगबगीने खुर्ची पुढे केली. "या सर! नववीत तुम्ही मला बाकावर उभं केलं होतंत. आज तुम्ही बसा." आणि शलाकाकडे वळून त्याने काचेच्या कपाटातून एक काळाभोर लॅपटॉप काढला. "ताईंसाठी हा बघा. एकदम जबरदस्त—"

"परत," गुरू म्हणाले.

"काय परत, सर?"

"कपाटात. विशेषण आलं."

दुकानदाराने शलाकाकडे पाहिले. तिने मान डोलावली. त्याने तो ठेवला आणि दुसरा काढला. "मग हा. सुपर स्लिम, लेटेस्ट—"

"परत. इंग्रजी विशेषणही विशेषणच."

"अहो सर, विशेषणं काढली तर मी विकू काय? शटरच ओढतो आता!"

"'ओढतो' हे क्रियापद झालं. बघ, जमतंय तुला." गुरू हसले नाहीत, पण त्यांचे डोळे हसले. "क्रियापद सापडलं की कपाटातला बाहेर काढू. शलाका, तू सांग. डोंगरावर तू काय करणार?"

शलाका क्षणभर गोंधळली. इतके दिवस ती लॅपटॉपविषयीच वाचत आणि बोलत आली होती. डोंगराविषयी कोणी विचारलेच नव्हते, आणि तिनेही स्वतःला विचारले नव्हते.

"चढेन," ती म्हणाली. "झरा मोजेन. माप नकाशात घालेन. लोकांना दाखवेन. मग पुढच्या वस्तीकडे निघेन."

"आता या क्रियापदांतून एकेक लॅपटॉप नेऊन बघू."

दुकानदाराने काळाभोर लॅपटॉप पुन्हा काढला. आता त्यालाही चेव आला होता. "सर, हा सिनेमासुद्धा बनवेल. 'बनवेल' हे क्रियापद!"

"ही सिनेमा बनवणार आहे का?"

"नाही हो," शलाका म्हणाली.

"मग त्या क्रियापदाला कर्ता नाही. जे ती करणारच नाही, त्यासाठी तिनं काय म्हणून वाहायचं? तरी बघू. सॅकमध्ये घाल आणि गच्चीवर जाऊन ये."

शलाकाच्या सॅकमध्ये मोजायचे भांडे, पाण्याची बाटली, डबा आणि अंथरूण होते. लॅपटॉप आणि त्याची विटेएवढी चार्जरची पेटी आत कोंबताना तिला डबा बाहेर काढावा लागला. जिना चढून ती परत आली तेव्हा तिचे खांदे पुढे वाकले होते. "चढले, सर. पण डबा खालीच राहिला. आणि डोंगराला कठडा नसतो."

तो कपाटात गेला.

दुसरा सॅकमध्ये असा सरकला की जणू एखादी वही. तिचा नकाशाही त्यावर क्षणात उघडला. शलाकाचा चेहरा उजळला. तिचे मन यावरच बसलेले आहे, हे गुरूंना दिसले. त्यांनी हळूच विचारले, "हा घेतलास तर काय सोडशील?"

ती खाली पाहू लागली. लॅपटॉपची किंमत आणि सोबतीला येणाऱ्या मंजुळाबाईंची मजुरी, दोन्ही एकाच अनुदानातून निघायच्या होत्या. मंजुळाबाई डोंगरावरच्याच. झऱ्यांच्या वाटा त्यांना ठाऊक, वस्त्यांतली माणसे त्यांच्या ओळखीची. "मंजुळाबाईंना सांगावं लागेल की येऊ नका."

"मग एकटी चढशील?"

"चढेन... पण झरा शोधणार कशी?"

तिने स्वतःच तो मिटून दुकानदाराच्या हाती दिला. तिला वाईट वाटले, ते तिने लपवले नाही.

तिसऱ्याच्या वेळी सगळे आशेने वाकून पाहू लागले. नकाशाची नदी आली, वाटा आल्या. डोंगराच्या उंचीच्या रेषा मात्र अर्ध्यावर थांबल्या आणि पडद्यावरचे चक्र फिरू लागले.

"उघडतोय, सर," दुकानदार म्हणाला. जरा वेळाने पुन्हा म्हणाला, "उघडतोय."

"'उघडतोय' हा अपूर्ण काळ. संध्याकाळी लोक शेतावरून दमून येतात. त्यांच्यासमोर 'उघडला' म्हणता आलं पाहिजे."

शलाका बाजूच्या खुर्चीच्या कडेला बसली. गुरूंच्या मनात नेहमीची शंका डोके वर काढू लागली. एका पोरीचा वैशाख आपण व्याकरणाच्या खेळात घालवत तर नाही ना? त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. पण ते उठले नाहीत. "अजून काढ," ते दुकानदाराला म्हणाले. "सगळे बघितल्याशिवाय आम्ही हलणार नाही."

दुकानदाराने कान खाजवला, मग मागच्या खणातून एक राखाडी लॅपटॉप आणला. "हा गेल्या वर्षी आला. कोणी विचारत नाही, म्हणून मांडतही नाही." तो शब्द चाचपत बोलू लागला. "हा... चालतो. सॅकमध्ये मावतो. दिवसभर टिकतो, मी घरी वापरतो म्हणून सांगतोय. थोडा थांबवतो, पण अडवत नाही."

"उत्तम!" गुरूंच्या तोंडून निघून गेले.

"सर! विशेषण!" दुकानदार उडालाच. "आता काय, तुम्हाला कपाटात ठेवू?"

तिघेही हसले. मग शलाकाने नकाशाचा पेन ड्राइव्ह लावला. नदी आली, वाटा आल्या, उंचीच्या रेषा जराशा रेंगाळल्या आणि आल्या. तिने एका झऱ्याचे माप घालून पाहिले. निळा ठिपका उमटला. तिने लॅपटॉप सॅकमध्ये घातला. डबा आतच राहिला. गच्चीवर जाऊन ती परत आली तेव्हा तिचा श्वास चढला होता, पण पाठ ताठ होती. किंमत विचारून तिने मनातल्या मनात हिशेब केला. मंजुळाबाई येऊ शकत होत्या.

"झेपेल," ती म्हणाली. आणि लगेच, जुन्या सवयीने, तिचा आवाज डळमळला. "पण सर, हाच सर्वोत्तम असेल का?"

दुकानदाराने नाइलाजाने हात पुढे केला. "ताई, विशेषण. कपाटात घालू?"

शलाकाने लॅपटॉपवर हात ठेवला. दुकानदाराचा हात तसाच पुढे होता.

"नाही," ती म्हणाली. "मी घेते."

दुकानाच्या पायरीवर आल्यावर तिने विचारले, "सर, विशेषणांवर एवढा राग का?"

"राग नाही गं. साऱ्या कविता त्यांच्यावरच तर तगल्या आहेत," गुरू म्हणाले. "पण विशेषणाला अंत नसतो. जलद म्हटलं की त्याहून जलद निघतं, हलकं म्हटलं की त्याहून हलकं. तू त्या पायऱ्या चढत बसलीस आणि डोंगर राहिला. मघाशी तू 'झेपेल' म्हणालीस. आपल्या भाषेत काम झेपतं, ओझं झेपतं आणि खर्चही झेपतो. ज्या तीन गोष्टींनी तुला महिनाभर छळलं, त्या तिन्हींना आपल्या आजीपणजींनी एकच क्रियापद ठेवलंय. आणि ते उच्चारलं की पहिला प्रश्न येतो, कोणाला झेपेल? 'सर्वोत्तम' म्हटल्यावर तो येतच नाही. 'झेप' आणि 'झेपणं' यांचं मूळ एकच आहे का, हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. जन्मभर व्याकरण शिकवूनही शंका आहे. पण जे झेपत नाही ते घेऊन कोणी झेप घेतलेली मी पाहिली नाही."

शलाकाने वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आणि मंजुळाबाई डोंगर चढू लागल्या.

त्यानंतर गुरूंचा जीव थाऱ्यावर नव्हता. लॅपटॉप बंद पडला तर? आपण शब्दांच्या नादात चुकीचे यंत्र तिच्या पाठीवर दिले असेल तर? खिडकीतून डोंगर दिसत होता, आणि त्यावर काय चालले आहे ते दिसत नव्हते. तिसऱ्या दिवशी, सूर्य कलताना, त्यांच्या फोनवर निरोप आला:

"चढलो. पहिला झरा मोजला. नकाशा उघडला, दाखवला. लोक हसले, कारण झरा मी ओढ्याच्या पलीकडे काढला होता. मंजुळाबाईंनी बोट ठेवून सांगितलं, मी हलवला. उद्या निघतो."

गुरूंनी तो निरोप चष्मा लावून पुन्हा वाचला. सवयीने त्यांचे बोट एका शब्दावर थांबले. 'पहिला' हे क्रमवाचक संख्याविशेषण होते. त्यांनी तसे लिहायला घेतले, मग डोंगराकडे पाहिले आणि लिहिलेले पुसून टाकले.

"आता दुसरा मोज," एवढेच त्यांनी उत्तर पाठवले.

दुकानात शिरण्यापूर्वी आपणही आपल्या मनाला एवढेच विचारावे: आपण जे शोधत आहोत, त्याच्या क्रियापदाला कर्ता आहे का?